नऊ मडक्यांची लिंबोणी

आशागड, वरचा पाडा
१८ मार्च २०२५

निलमच्या आईस,

"फोनवर तुम्ही कुणाला बोलू देत नाही, काय सांगायचं ते लिहून सांगा," असं म्हणालीस आणि निलमकडून माझा नंबर ब्लॉक करवलास. ठीक आहे. तेहतीस वर्षं तारापूरला बॉयलरवर काढली, तासातासाला लॉगशीट लिहिली. लिहायला मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. पत्र सुषमाबरोबर पाठवतोय. ती वरोरहून मासळीची पाटी घेऊन एक दिवसाआड आपल्या पाड्यात येतेच, आणि परत जाताना निलमच्या दारावरूनच जाते. टपालखर्च म्हणून तिने दोन लिंबं मागितली. "जिवलीताईच्या झाडाची हवीत भाऊ, बाजारची नकोत," असं वर बजावलं. दिली.

तुला वाचता येत नाही, तेव्हा हे निलमच वाचून दाखवणार. निलम, बाळा, मी जिथे 'ही ओळ गाळ' असं लिहीन ती ओळ गाळायची. बापाचं एवढं ऐक.

आता मुद्द्याचं. नातवाला दात येतायत म्हणून पंधरा दिवसांसाठी गेलीस. दीड महिना झाला. पोराला दात येतायत किती? शिमगासुद्धा झाला. होळीपाशी सगळ्या बायका विचारत होत्या, जिवली कुठाय, जिवली कुठाय. मी म्हटलं, नातवाला दात येतायत. तर शेजारचा धाकल्या सगळ्यांसमोर म्हणतो, "नातवाला येतायत की वहिनीने तुझे पाडलेत?" लोक पोट धरून हसले. सणाचा दिवस म्हणून सोडला त्याला.

मी असा काय गुन्हा केला, ते तरी सांग. रिटायर झालो, हातपाय हलवावे म्हटलं, मोबाईलवर बघून बघून कोरड्या हवेतली बाग शिकलो. कुठल्याशा वाळवंटात एक टोपीवाला माणूस आहे. वर्षाला चार थेंब पाऊस, तरी त्याचं अंगण फोटो काढण्यासारखं. पांढरी खडी, मध्ये मोठे दगड, कडेला निवडुंग, मधोमध थोडं लॉन. आपल्याकडे दिवाळीनंतर आभाळातून टिपूस नाही, नळाला एक दिवसाआड पाणी, तेही अर्धा तास. मग बाग कोरड्या पद्धतीची हवी की नको? तुझं काय होतं तिथे? मोरीच्या कडेला अळू, चार केळी, गवती चहा आणि कोंबड्यांनी उकरलेली माती. भांडी घासलेलं पाणी वाट फुटेल तिकडे वाहतंय. मी सगळं साफ केलं, मोरीला पाईप जोडला आणि पाणी थेट घरामागच्या शोषखड्ड्यात सोडलं. बॉयलर हाऊसमध्ये ड्रेन असं उघडं ठेवलं असतं, तर साहेबाने मेमो हातात दिला असता.

तू मात्र उपटलेलं अळू बघितलंस आणि पिशवी भरलीस. दारात उभी राहून काय म्हणालीस ते मी विसरलो नाही. "लिंबोणी जगली तर येईन. मेली तर माझी गोधडी सुषमाबरोबर पाठवून द्या."

तर कळवण्यात आनंद होतो की लिंबोणी ठणठणीत आहे. पडवीतली तुझी रंगवलेली मडकीही जशीच्या तशी आहेत. गेरूचा ऑइल पेंट, वर ती पांढरी चित्रं, वरून वॉर्निश, सगळं चकाकतंय. कुणाला हात लावू दिला नाही. गोधडी बाजेवर घडी करून ठेवली आहे.

(निलम, ही ओळ गाळ. संध्याकाळी त्या गोधडीकडे बघवत नाही, म्हणून बाजेकडे पाठ करून जेवतो.)

लडक्या


२६ मार्च

निलमच्या आईस,

दीड पानाच्या पत्राला तुझा निरोप आला एका वाक्याचा. "जिवलीताई विचारते, मोरीचं पाणी कुठे जातं?"

विचारलंस, बरं वाटलं. तेहतीस वर्षांत तू माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा काही विचारलंस. सविस्तर सांगतो. मोरीपासून चार इंची पाईप. त्याला दर फुटाला बोटभर उतार. पुढे तीन फूट खोल खड्डा, खाली विटांचे तुकडे, वर खडी, त्यावर वाळू, तोंडाला जाळी. पाणी जातं ते दिसतसुद्धा नाही. वास नाही, डास नाही. सरपंच येऊन बघून गेले.

निलम सगळं वाचते, गाळत काहीच नाही, हेही सुषमाकडून कळलं. निलम, तुला शाळेत घालताना मी केवढ्या उन्हात रांगेत उभा होतो, ते आठव.

सुषमाने तुला पानांचंही सांगितलेलं दिसतं. तिची नजर मासळी निवडणारी, तिला काय काय दिसेल सांगता येत नाही. हो, लिंबोणीची थोडी पानं पिवळी पडली आहेत. थोडी म्हणजे अर्धी. उन्हाळ्यात झाड पानं टाकतंच, टोपीवालाही तसंच म्हणतो.

लॉनचं म्हणशील तर ते गेलं. आठ दिवस हिरवं होतं, मग त्याची चटई झाली, आणि ती चटई धाकल्याच्या बोकडाने खाल्ली. धाकल्याला जाब विचारला तर म्हणतो, "गवत लावलंस ना? मग बोकड येणारच. सागवान लावलं असतंस तर नसता आला." निवडुंगावरही बोलला. म्हणतो, "तुझ्या बापाने हयातभर बांधावरचा निवडुंग तोडला, आणि तू तो नर्सरीतून कुंडीत घालून आणलास?" असल्या माणसाला बागेतलं काय कळणार! खडी मात्र सुंदर दिसते. दुपारी तिच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही एवढंच. काल चप्पल पलीकडे राहिली आणि मी अंगणातल्या अंगणात नाचत मोरी गाठली. शेजारची रूपी कुंपणावरून बघत होती. आता पाड्यात सगळ्यांना माहीत आहे.

पण घाबरू नकोस, लिंबोणीसाठी मी शास्त्रीय उपाय केला आहे. झाडाभोवती मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरायची, पाण्याने भरायची, वर झाकण ठेवायचं. मडकं पाझरतं, मुळं लागेल तेवढंच पाणी ओढून घेतात. एक थेंब वाया जात नाही. जुन्या काळापासून चालत आलेली पद्धत आहे, टोपीवाल्याने तिला फक्त इंग्रजी नाव दिलंय. मी नऊ मडकी पुरली.

मडकी कुठून आणली म्हणशील. मिळाली. (निलम, इथे थांबू नकोस, पुढे वाच.)

नातवाला माझा पापा. त्याला म्हणावं, दात आले असतील तर आजीला सोड.

लडक्या


५ एप्रिल

निलमच्या आईस,

पुन्हा तोच निरोप! "मोरीचं पाणी कुठे जातं?" अगं, दोन पानं खर्चून सांगितलं. निलम नीट वाचत नाही की तुला ऐकू कमी यायला लागलंय? या वेळी मागच्या बाजूला नकाशाच काढला आहे. बाण दाखवले आहेत. आता तरी समजून घे.

मडक्यांची हकिकत ऐक, छाती फुगेल. रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशी पातळी तपासतो. जुनी लॉगशीट होतीच, त्यावरच लिहितो.

२८ मार्च, सकाळ: नऊही मडकी गळ्यापर्यंत. संध्याकाळ: गळ्यापर्यंत.
२९ मार्च, सकाळ: गळ्यापर्यंत. संध्याकाळ: गळ्यापर्यंत.
३० मार्च: तसंच.

आज आठवडा झाला, पातळी बोटभरही हललेली नाही! तुला काय सांगू, तेहतीस वर्षांत अशी पातळी मला बॉयलरच्या काचेत एकदाही मिळाली नाही. तिथे पाणी जरा खाली गेलं की साहेब धावत यायचे. इथे सगळं शांत. पाणी घालावंच लागत नाही, एवढी बचत! धाकल्याला लॉगशीट दाखवली. त्याने मडक्यात डोकावून बघितलं, मग झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "लडक्या, झाड पितंय की उपास धरलाय?" जळतात लोक.

तुला अजून एक सांगायचं राहिलं. आशासेविका सुनिता घरोघर डास बघत आली होती. मडक्यांची झाकणं उघडून म्हणाली, "काका, आत अळ्या वळवळतायत, पाणी हलत कसं नाही?" मी म्हटलं, बाई, पाणी हलत नाही हेच तर यश आहे. ती कपाळाला हात लावून गेली. अळ्यांसाठी मी प्रत्येक मडक्यात चमचाभर खोबरेल घातलं.

सुषमाला दोन लिंबं दिली आहेत. जरा लहान आहेत, सालही जाड आहे, पण उन्हाळ्याची लिंबं अशीच असतात. आणि पडवीत काही कमी दिसलं असं ती म्हणाली, तर विश्वास ठेवू नकोस. पडवीत अंधार असतो.

(निलम, गाळ. काल घावन केलं. तव्याला चिकटलं. तुझ्या आईला विचार, पीठ किती पातळ करायचं. पण मी विचारलं असं सांगू नकोस.)

लडक्या


१७ एप्रिल

निलमच्या आईस,

जत्रेत मी तुला पाहिलं. महालक्ष्मीच्या पायथ्याशी, सुकटवालीच्या समोर उभी होतीस. हिरवं लुगडं, काखेत नातू. जवळा मुठीत घेऊन वास घेत होतीस. तू मान वर केलीस आणि मी खेळण्यांच्या दुकानामागे गेलो. तू म्हणशील घाबरला. घाबरलो नाही. माझ्या हातात पिशवी होती आणि पिशवीत लिंबं होती.

आता झाकून काय उपयोग. सुषमाला गेल्या दोन खेपा मी दिली ती लिंबं बाजारची होती. आज तिने हातात घेतली, दाबली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "भाऊ, ही जिवलीताईची नव्हेत. तिच्या लिंबाचा रस हाताला लागला की म्हावऱ्याचा वास घरापर्यंत येत नाही. ही लिंबं नुसती पिवळी आहेत." पत्र घ्यायला तयार नव्हती. शेवटी मी खरं सांगितलं की झाडावर लिंबू उरलेलं नाही, तेव्हा तिने फुकट घेतलं. मासळीवालीने फुकट काही घ्यावं, याच्याइतकी वाईट वेळ नाही.

झाडाची खरी स्थिती लिहितो. पानं गेली. लहान लिंबं गळून खडीवर पडली आणि तिथेच भाजून निघाली. शेंड्याच्या फांद्या वाळल्या, वाकवल्या तर मोडतात. अकरा वर्षांपूर्वी तू सरबतातून काढलेलं बी मोरीच्या कडेला फेकलं नव्हतंस, लावलं होतंस. मी तेव्हा हसलो होतो. आठव्या वर्षी पहिलं लिंबू आलं, ते तू मला कापून दिलं नाहीस, आधी सगळ्या पाड्याला दाखवून आणलंस. हे सगळं मला आठवतं. आठवत नाही असं समजू नकोस.

मडक्यांत काही दोष नाही, पातळी आजही गळ्यापर्यंत आहे. एकच मडकं बिघडलं. धाकल्याचा बोकड पाणी प्यायला आला, त्याचा पाय मडक्याच्या तोंडात अडकला, आणि ओढाताणीत मडक्याला खालपर्यंत तडा गेला. तेव्हापासून ते एक मडकं नुसतं गळतं. सकाळी भरलं की संध्याकाळी रिकामं. एकटं रोज दोन हंडे पितं! लॉगशीटची शिस्त मोडू नये म्हणून भरत राहतो, पण त्या बोकडाला मी सोडणार नाही.

एक कायद्याचा प्रश्न विचारतो, भांडण म्हणून नव्हे. तू म्हणालीस, "मेली तर." झाड मेलं असं नक्की कधी म्हणायचं? माणसाचं कळतं, डॉक्टर सांगतो. झाडाचं कुणी सांगायचं? सगळ्या फांद्या गेल्या आणि खोड नखाने खरवडल्यावर आत हिरवं दिसलं, तर ते कशात धरायचं? मी रोज सकाळी एका जागी खरवडतो. अजून हिरवं दिसतं. पण मी असाच खरवडत राहिलो, तर त्यानेच मरायचं.

गोधडी मी बाजेवरून उचलली नाही. उचलवत नाही.

(निलम, गाळू नकोस. हे मोठ्याने वाच. जिवली, घर खायला उठतं.)

लडक्या


२८ एप्रिल

जिवली,

आज निलमची आई म्हणून लिहीत नाही. चूक तुझ्या नवऱ्याची आहे, तर पत्रही त्यानेच तुझ्या नावाने लिहायला हवं.

परवा सकाळी सहाची पातळी घ्यायला गेलो. आठ मडकी भरलेली. नववं, बोकडाने फोडलेलं, रिकामं. शिव्या देत हंडा उचलला आणि वर बघितलं. त्या फुटक्या मडक्याच्या वरची फांदी. बाकी सगळं झाड खराट्यासारखं, आणि त्या एका फांदीवर कोवळी पानं! मोजली. अकरा. बोटाएवढी, पोपटी. चुरडून वास घेणार होतो, हात मागे घेतला. एकसुद्धा पान कमी व्हायला नको.

मी तिथेच खडीवर बसलो. सकाळ होती म्हणून बसता आलं. आठ चांगल्या मडक्यांच्या बाजूला काही नाही, आणि एका फुटक्या मडक्याच्या बाजूला पालवी. बॉयलरवाल्याच्या डोक्यात उजेड पडायला एवढा वेळ लागला. पातळी हलत नव्हती ती बचत नव्हती गं. पाणी बाहेरच जात नव्हतं. झाड चारी बाजूंनी पाण्याने वेढलेलं आणि तहानेने मरत होतं, आणि मी दिवसातून दोनदा तिथे उभा राहून 'गळ्यापर्यंत, गळ्यापर्यंत' लिहीत होतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही दगड कापून झाल्यावर.

पाणी का पाझरलं नाही, ते तू मघाशीच ओळखलं असशील. ती मडकी तुझी होती. पडवीतली. रंगवलेली. वरून ऑइल पेंट आणि वॉर्निश. पाझरणार कुठून? तूच वॉर्निश मारताना म्हणाली होतीस, आता यातून घामसुद्धा फुटायचा नाही. मी ऐकत होतो असं वाटलं होतं मला. बाजारातून नवीन आणता आली असती, पण उन्हात कोण जाणार, पडवीत नुसती पडून आहेतच ना, असं म्हणून मी नऊ उचलली. झालं. लिहून टाकलं.

मग आठही उपटली. झाड जगवायचं तर वॉर्निश काढायला हवं, आणि वॉर्निश काढायचं तर तुझी चित्रं जाणार. दोन तास नुसता बसून राहिलो. धाकल्या आला. घरातून विटेचा तुकडा आणि पॉलिश पेपर घेऊन आला, माझ्यासमोर बसला आणि घासायला लागला. बोकडाचं मी काढलं नाही. त्या बोकडाला आता मी शेपटीलाही हात लावणार नाही.

मी कधी ती चित्रं नीट बघितली नव्हती, जिवली. रंगवताना तू मोरीपाशी बसायचीस आणि मी खुर्चीवर बसून 'चहा' म्हणायचो. घासताना एकेक बघितलं. एकावर लग्नाचा चौक. एकावर तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचाचा फेर. एकावर कोंबड्या, त्यातली एक माझ्या लॉनवर यायची ती लंगडी. बघायचं आणि घासायचं. सात घासली. धाकल्या मध्येच म्हणाला, "डोळ्यात पूड गेली का?" मी म्हटलं, हो.

आठव्यावर हात थांबला. एक माणूस. त्याच्यासमोर मोठं गोल भांडं, त्यातून धूर निघतोय, आणि माणसाच्या हातात वही. डोकं वहीत. त्याच्या पाठीमागे झाड, झाडाला गोल गोल लिंबं, आणि झाडाखाली एक बाई हंडा घेऊन उभी, माणसाकडे बघत. माणूस वळलेला नाही.

हे तू कधी काढलंस?

ते मडकं मी घासलं नाही. पुसून घरात, बाजेच्या डोक्याशी ठेवलं आहे. सात घासलेली पुन्हा पुरली, फुटकं जागेवर होतंच. आज सकाळी पातळी चार बोटं खाली होती. आयुष्यात पहिल्यांदा पातळी खाली गेलेली बघून मी नाचलो. रूपीने हेही कुंपणावरून बघितलं.

आणि मोरी. तू दोनदा विचारलंस, मोरीचं पाणी कुठे जातं. मी एकदा खड्डा समजावून सांगितला आणि एकदा नकाशा काढला. तू विचारत नव्हतीस, सांगत होतीस. अकरा वर्षं ती लिंबोणी तुझ्या भांड्यांच्या पाण्यावर जगली, आणि मी तिच्या तोंडचं पाणी काढून विटांना पाजलं. सरपंचांना दाखवून. काल पाईप करवतीने कापला. पाणी पूर्वीसारखं झाडाकडे जातं. भांडी घासायचा तो हिरवा साबण फेकला, राखेने घासतो. हात काळे झालेत. कढई निघत नाही, तिचं काहीतरी कर.

आता निकाल तुझा. एक फांदी, अकरा पानं. बाकी झाड वाळलेलं आहे, मी खोटं लिहिणार नाही, सुषमा आहेच. हे झाड जगलं म्हणायचं की मेलं म्हणायचं, ते तू सांग. आज गोधडी बाजेवरून उचलली, पिशवीत घातली. सुषमाच्या हातात दिली नाही. परवा ती येईल, तेव्हा तुझा निरोप असेल तसं करीन.

लडक्या


वरोर
३० एप्रिल

निलमच्या बाबांस,

बाबा, अक्षर माझं, बोलणं आईचं. ती मध्येच म्हणते, ही ओळ गाळ. मी तुमच्या गाळल्या नाहीत, तिच्याही गाळणार नाही. आता ती बोलते तसं लिहिते.

मडकी माझी आहेत हे मला तुमच्या दुसऱ्या पत्राच्या आधीच माहीत होतं. सुषमाला झाडाभोवती मडक्यांची तोंडं दिसली, त्यांच्या काठाला माझी पांढरी नक्षी होती. तुम्ही पुरताना एवढंही बघितलं नाहीत. मी निरोपावर निरोप पाठवले, मोरीचं पाणी, मोरीचं पाणी. तुम्ही बाण काढून पाठवलेत. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. तुमचा तर घडा सुलटा होता, भरलेला होता, तरी तेच.

मडकी घासलीत म्हणून मी रागावले नाही. मडकी पुन्हा रंगवता येतात. अकरा वर्षांची लिंबोणी पुन्हा आणता येत नाही. (बाबा, मडक्यांचा भाग ऐकताना ती रागावली होती, नातवाला घेऊन उन्हात जाऊन उभी राहिली. मग आत आली आणि म्हणाली, तो धाकल्यासोबत घासतानाचा भाग पुन्हा वाच. तीनदा वाचायला लावला.)

त्या आठव्या मडक्यावरचा माणूस तुम्ही नव्हे. कुणीतरी पगारी माणूस आहे. (बाबा, हे सांगताना ती हसत होती. गाळ म्हणाली.)

एक फांदी जगली म्हणजे झाड जगलं. वाळलेलं सगळं कापू नका, मी आल्यावर कापीन, तुमच्या हातात कोयता द्यायचा नाही. बुंध्याभोवती पेंढा आणि पालापाचोळा वीतभर पसरा, खोडाला चिकटू देऊ नका. तुमच्या टोपीवाल्याला विचारायची गरज नाही. निवडुंग कुंपणाला लावा, बोकडासाठी. कढईत राख आणि चिंच घालून पाणी उकळा, निघेल. घावनाचं पीठ ताकाइतकं पातळ करा आणि तवा आधी तापवा.

अळूची काळजी करू नका. त्या दिवशी मी पिशवी भरली, तुम्हाला वाटलं कपडे भरले. कपडे निलमचेच घालतेय. पिशवीत अळूचे कंद होते. इथे मोरीच्या कडेला लावले, गुडघ्याएवढे झालेत. त्यातले निम्मे घेऊन येते, निम्मे निलमला.

(बाबा, म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून परत यायचंच होतं. हे मी माझ्या मनाने लिहिलं. तिने गाळायला सांगितलं नाही, कारण तिला वाचता येत नाही.)

गोधडी पिशवीतून बाहेर काढा. सुषमाबरोबर पाठवू नका. अंगणात तुमच्या त्या पांढऱ्या खडीवर पसरा, दुपारभर चांगली तापू दे. खडीचा काहीतरी उपयोग होऊ दे. परवा मी येते.